मांडवातला एकच हात

आरंभीच क्षमा मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात आणि मोठे शब्द मला पेलत नाहीत. वाचकांनी सांभाळून घ्यावे. या गोष्टीतला शिष्य मीच आहे. पण चारचौघांत 'मी, मी' म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून त्याला 'तो' म्हणतो.

एकदा ख्रिस्ती मंडळीचे एक वृद्ध पाळक होते. तरुणपणी सायकलवरून वाड्यावस्त्यांवर सुवार्ता सांगत फिरलेले. आजाऱ्याच्या उशाशी बसावे, भांडलेल्या भावांना एका ताटात जेवायला बसवावे, कबरीच्या काठावर उभे राहून रडणाऱ्यांना धीर द्यावा, यातच त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिकत होता. तो पूर्वी तालुक्याच्या गावी पंक्चरच्या दुकानात कामाला होता. देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे, असे त्याला मनापासून वाटे. मात्र समोर चार माणसे दिसली की त्याची जीभ टाळूला चिकटे.

पाळकांनी शिकवलेला एक नियम पक्का होता. मंडळीला जागे करण्यासाठी संजीवन सभा भरते, तेव्हा उपदेश संपल्यावर उपदेशक विचारतो, "कुणाला प्रभूची गरज आहे? त्याने हात वर करावा." पाळक सांगत, "ज्यानं हात वर केला, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं. हात मांडवात वर होतो, पण माणूस घरी राहतो."

त्या वर्षी सुगी आटोपल्यावर सभा ठरली आणि उपदेश शिष्य करील, असे पाळकांनी जाहीर केले. मंडळीतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने मांडव घातला होता. त्या व्यापाऱ्यांना हे रुचले नाही.

"साहेब, पुण्याहून एखादा गाजलेला उपदेशक आणू. ह्याला नुसतं 'सलाम' म्हणायचं तरी घाम फुटतो."

"फुटू द्या की," पाळक म्हणाले. "बिनघामाचे उपदेश आपण पुष्कळ ऐकले."

शिष्याने मात्र मनाशी ठरवले होते. एकही हात वर झाला नाही, तर बोलावणे आपल्याला नव्हतेच असे समजायचे आणि सकाळच्या पहिल्या एसटीने दुकानात परतायचे. त्याने पिशवीसुद्धा भरून ठेवली.

रविवारी उन्हे कलल्यावर सभा सुरू झाली. एका मोठ्या उपदेशकाचे भाषण त्याने तोंडपाठ केले होते. दोन वाक्ये झाली आणि पुढचे सगळे पुसले गेले. शेवटी मागून एक बाई ओरडली, "बोल की रे बाबा, धारा काढायच्यात घरी!"

लोक हसले. मग जे त्याचे स्वतःचे होते, तेच त्याने सांगितले.

"मला पंक्चर काढता येतं. भोक बारीक असलं तर दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, नुसती हवा भर. हवा भरली की चाक टणक होतं, अन् संध्याकाळी पुन्हा बसतं. ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवावी लागते. बुडबुडे येतात, तिथं भोक. आपणही रोज नुसती हवाच भरतो. प्रभूपुढं जायला भितो, कारण बुडबुडे लोकांना दिसतील."

एवढे बोलून त्याने विचारले, "कुणाला गरज आहे?"

कोणी हलले नाही. तो खाली बसणार, इतक्यात पहिल्या रांगेत एक हात वर झाला. तो वृद्ध पाळकांचा होता. शिष्याने पाहीपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

"घ्या!" व्यापारी मोठ्याने म्हणाले. "एवढा मांडव घातला, अन् हात कुणाचा? आपल्याच पाळकसाहेबांचा! जन्मभर आम्हाला तारणाचा मार्ग सांगितला, आता स्वतः धरतायत होय?"

बायकांनी तोंडाला पदर लावले.

सभा पांगल्यावर शिष्य मान खाली घालून सतरंज्या गुंडाळू लागला. पाळक जवळ आले, तसा तो म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्यावर दया केलीत. लहान पोराला खेळात जिंकू देतात, तशी. त्यापेक्षा एकही हात नसता तरी चाललं असतं. मी सकाळी जातो."

पाळक सतरंजीवर बसले.

"लेकरा, देवापुढं मी खोटा हात वर करीन होय? पंगतीत वाढणारा माणूस पाहिलास ना? सगळ्यांच्या पानाकडं त्याचं लक्ष. अन्नाचा वास घेऊन घेऊन त्याची भूक मरते. लोक म्हणतात, वाढप्याला काय कमी? हळूहळू त्यालाही तसंच वाटू लागतं. पाळकीणबाई गेल्यापासून मी कितीतरी दुःखाच्या घरांत प्रार्थना केली. पण माझ्या घरात, तिच्या रिकाम्या खाटेपाशी, मला एकदाही गुडघे टेकता आले नाहीत. सकाळी हवा भरून निघतो, संध्याकाळी चाक बसतं. आज तू ट्यूब पाण्यात घातलीस अन् बुडबुडे माझे निघाले. लोक हसतील हे मला ठाऊक होतं. पण पाळकालाच हात वर करायची लाज वाटली, तर या माणसांनी कुणाकडं बघून करावा?"

व्यापारी पलीकडे खुर्च्या रचत होते. त्यांचे हात थांबले.

"साहेब, आम्हाला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कधी विचारलंत, दादा?"

व्यापाऱ्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

पाळक काठी टेकत उठले आणि शिष्याला म्हणाले, "ज्यानं हात वर केला, त्याच्या घरी सकाळी कोण जातं?"

शिष्याने मान वर केली.

"तुला जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण ते घर तुझ्या वाट्याला आलंय. तिथं पुण्याचा उपदेशक चालायचा नाही."

घरी जाऊन शिष्याने पिशवी मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तेव्हा मी पाळकसाहेबांच्या दारात उभा होतो. दार उघडेच होते. मी चपला काढून आत गेलो, खाटेपाशी सतरंजी अंथरली आणि त्यांना हाताला धरून गुडघ्यांवर बसवले. शेजारी मीही टेकलो. त्यांनी डोळे मिटले आणि ते वाट पाहू लागले. प्रार्थना मला करायची होती. मी अडखळलो, थांबलो, पुन्हा बोललो. शेवटी 'आमेन' माझ्याआधी त्यांनीच म्हटले.