खडपेवाडीचा 'ईसा'

आमच्या खडपेवाडीत जाळं ओढत नाहीत, इसतात. हसा, हसा! पलीकडच्या बंदरावरचे लोकही हसतात. पण हे 'इसणं' फिरंग्यांच्या गलबतावरून आलंय आणि गावच्या एका पोराचा जीव घेऊन आलंय. तेव्हा हसून झालं की नीट ऐका.

फार पूर्वी म्हणे फिरंग्यांनी इथली एक होडी धरली आणि लखू गाबीत नि त्याचा धाकटा भाऊ धाकू यांना आपल्या गलबतावर खलाशी म्हणून जुंपलं. तिसऱ्याच दिवशी धाकू लपून ओंजळभर गोडं पाणी प्याला. कप्तान पिसाळला. त्याने धाकूला दोराने बांधून समुद्रात ढकललं आणि दोराचं टोक दिलं लखूच्याच हातात. बंदूक पाण्याकडे रोखून खुणेने बजावलं, मी सांगेन तेव्हाच ओढायचं. आधी ओढलंस तर त्याला गोळी घालीन.

लखू थांबला. कप्तान म्हणाला, "ईसा!" लखूला फिरंगी भाषा कपाळ कळणार! तो कप्तानाच्या हाताकडे बघत राहिला, आता खूण करील, मग करील. मेल्याने हात हलवलाच नाही. दात काढून पुन्हा म्हणाला, "ईसा!" खाली धाकू तडफडत होता, वर दोराने लखूच्या तळव्यांची सालं निघत होती. मग दोर शांत झाला. कप्तान तोच शब्द त्यांच्यासारख्याच जुंपलेल्या दुसऱ्या खलाशांवर ओरडला, तशी त्यांनी दोर ओढून धाकूला वर घेतलं, तेव्हा तो मेला होता.

त्या दिवशी लखू एक फिरंगी शब्द शिकला. असे सांगतात, की आठ दिवसांनी कप्तान डोलकाठीखाली उभा असताना लखूने मागून त्याच्या गळ्यात शिडाच्या दोराचा फास टाकला आणि अगदी त्याच्याच आवाजात ओरडला, "ईसा!" दोराच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या खलाशांचे हात त्या शब्दाला सरावलेले. त्यांनी मान वर न करता ओढलं. कप्तान पाय झाडत वर गेला. मग त्या खलाशांनी फिरंग्यांवर कुऱ्हाडी उचलल्या आणि अशी कापाकापी झाली, की फळ्यांवर रक्ताने पाय ठरेना. एकही फिरंगी उरला नाही.

लखू घरी आला आणि त्याने आईला सगळं सांगितलं.

"ईसा म्हंजे काय रे?" तिने विचारलं.

"ओढ."

"मगे ओढलंस कित्याक नाय?"

लखूने एक हात उंच करून दाखवला. "तेनी ह्यां करूक नाय."

आजही आमच्या होडीचा म्होरक्या, तांडेल, नुसत्या तोंडाने 'ईसा' म्हणत नाही. आधी हात उंच करतो, सगळ्यांना दिसेल असा. वादळात दोन्ही हातांनी सुकाणू धरूनही भागत नसतं, तरी तो एक हात सोडतोच.