एका पाटीची गल्ली

एकदा एक तरुण आई भर दुपारी आपल्या गुरूंच्या दारात येऊन उभी राहिली. कडेवर अडीच वर्षांचा मुलगा, हातात मोबाइल आणि डोळे रडून सुजलेले. तिचे नाव सुनीती. मिशन कंपाउंडच्या मागच्या गल्लीत राहणारे एक वृद्ध गृहस्थ दर बुधवारी बायकांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवीत. सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि सुनीती ही त्यांच्या वर्गातली सर्वांत धाकटी शिष्या.

"सलाम, मास्तर," एवढेच तिच्या तोंडून निघाले.

"सलाम. आज बुधवार नाही," मास्तर म्हणाले. "आणि पायांत दोन निरनिराळ्या चपला आहेत. बस आधी."

सुनीती बसली, आणि मग तिला थांबवणे कठीण झाले. कडेवरचा हनोख अजून बोलत नव्हता. साधे 'आई'सुद्धा म्हणत नव्हता. शेजारची त्याच्याएवढी पोरे कावळ्याला दटावू लागली होती. सासूबाई आधी म्हणायच्या की याचा बापही उशिराच बोलला. अलीकडे त्या काहीच म्हणत नव्हत्या, आणि त्या गप्प राहण्याचीच सुनीतीला जास्त धास्ती वाटे.

वर्गातल्या बायकांच्या मोबाइलवर मास्तरांनीच शास्त्राभ्यासाचे एक ॲप घालून दिले होते. त्यात जुनेजाणते संदर्भग्रंथ होते, कोश होते, टीका म्हणजे शास्त्रावरची भाष्ये होती. एखादा विषय लिहिला की त्याच्याविषयी कोणत्या ग्रंथात काय म्हटले आहे ते समोर येई. काल सुनीतीने त्यात 'न बोलणारे मूल' असे लिहिले. काही आढळले नाही. 'उशिरा बोलणे' लिहिले. तेही नाही. शेवटी तिने 'मुका' एवढेच लिहिले, तेव्हा एक लेख आला. एकच. त्याचे शीर्षक होते, 'मुका आत्मा'.

"एका लेकराला आत्म्यानं धरलं होतं म्हणून ते बोलत नव्हतं, असं लिहिलंय त्यात," सुनीती म्हणाली. "सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. आता म्हणतात, तालुक्याला एक जण आत्मे काढतो, उद्या त्याच्याकडं न्यायचं. पहाटेपासून पोराला अन्न द्यायचं नाही, पाणी द्यायचं नाही. ते किंचाळलं की समजायचं, आत्मा निघाला." तिने पदराने नाक पुसले. "मी नको म्हणाले असते, मास्तर. पण एवढे मोठमोठे ग्रंथ, आणि सगळ्यांत मिळून माझ्या हनोखसाठी एकच पान निघालं. तेही हे. मग मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?"

हनोख खाली उतरून मास्तरांच्या चष्म्याच्या घराचे झाकण उघडमीट करीत होता. मास्तर म्हणाले, "लेकरू माझ्याजवळ ठेव. गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि दारांवरच्या पाट्या वाच. पाटीवर लिहिलंय तेवढंच खरं मानायचं. कोणाशी बोलायचं नाही. परत येऊन मला सांग, या गल्लीत कोण राहतं."

म्हाताऱ्याचे काही बिनसले की काय, असे सुनीतीला वाटले. पण गुरूंचा शब्द मोडायची सवय नव्हती. ती निघाली.

पहिल्याच ओट्यावर यमुनामावशी मेथी निवडत बसल्या होत्या. "अगं सुनीती! इकडं कुठं भर उन्हात? ये, दोन जुड्या निवडू लाग."

सुनीतीने ओठ घट्ट मिटले आणि मावशींच्या डोक्यावरून दाराकडे पाहिले. पाटी नव्हती.

"दाराला काय बघतेस? मी इथं खाली बसलेय की!"

शेजारच्या घरातले शिवणयंत्र थांबले. शिंप्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "जाऊ द्या, मावशी. सासूनं काही ऐकवलं असेल."

"सासूनं ऐकवलं तर माणूस जास्त बोलतं रे! माझं आयुष्य गेलं त्यात."

शिंप्याच्या दारावरही पाटी नव्हती. पुढच्या घरातून कांदा परतल्याचा वास येत होता, त्याच्या पुढच्या घरात कोणी भजन गुणगुणत होते. पाटी कुठेच नव्हती. अगदी टोकाला एक फाटक होते आणि त्यावर पत्र्याची पाटी, लाल रंगात मोठ्या अक्षरांत: 'कुत्र्यापासून सावध'. फाटकाआड गोणपाटावर एक दात पडलेला म्हातारा कुत्रा निजला होता. त्याने एक डोळा उघडला, सुनीतीकडे पाहिले आणि पुन्हा मिटला.

ती परतली तेव्हा मास्तर वाटच पाहत होते. "काय, कोण राहतं?"

"पाटी एकच आहे, मास्तर."

"काय लिहिलंय?"

"कुत्र्यापासून सावध."

"अरेरे," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे या गल्लीत एक कुत्रा राहतो, आणि दुसरं कोणी नाही."

"असं कसं? यमुनामावशी आहेत, शिंपी आहे. तुम्ही आहात!"

"माझ्या दारावर पाटी आहे का, बघ बरं."

सुनीतीने वळून पाहिले. नव्हती.

"मग मी नाही," मास्तर म्हणाले.

दोन दिवसांत पहिल्यांदा सुनीतीला हसू फुटले. पण ते अर्ध्यावरच थांबले, आणि ती हातातल्या मोबाइलकडे पाहू लागली.

तेव्हा मास्तर सावकाश बोलू लागले. "हे ॲप ग्रंथ वाचून उत्तर देत नाही, मुली. कोणीतरी माणसांनी बसून पानांना विषयांच्या पाट्या लावल्या आहेत. हे तेवढ्या पाट्या वाचतं. ग्रंथ पुष्कळ, लावणारे हात थोडे. काम अर्धवट राहिलं आहे, आणि काही ग्रंथांना तर अजून एकही पाटी लागलेली नाही. म्हणून 'काही आढळले नाही' असं ते सांगतं तेव्हा पाटी आढळली नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. आणखी एक बघ. आपल्या दारात मेथी निवडणारी प्रेमळ बाई राहते, अशी पाटी कोणी रंगवून घेत नाही. माणूस आधी पाटी लावतो ती भीतीची. तू वाचलास तो लेख खोटा नाही. तो आपल्या जागी खरा आहे. पण तुझ्या लेकराचा पत्ता तोच, हे कोणी ठरवलं?"

सुनीतीने मोबाइल पुढे केला.

मग दोघे विषय न लिहिता, एकेक ग्रंथ उघडून त्याची पाने चाळू लागले. 'जीभ' या शब्दाखाली जड जिभेच्या एका पुढाऱ्याची हकिकत होती; देवाने त्याला त्या जडपणासाठी दूर लोटले नव्हते. सुनीतीला तेवढ्यानेही बरे वाटले. मास्तरांनी मात्र चष्मा वर सरकवला आणि पुढे चाळत राहिले. चहा निवून गेला. शेवटी एका जुन्या टीकाग्रंथात 'कान' या शब्दाखाली त्यांचे बोट थांबले. लेखकाने लिहिले होते की लेकरू शब्द कानाने घेते आणि मग जिभेने परत करते. ज्याच्यापर्यंत शब्द पोचतच नाही, ते परत काय करणार? अशा मुलाच्या जिभेला दोष देण्याआधी त्याचा कान पाहावा.

सुनीतीने ते दोनदा वाचले.

"याला मागून हाक मारली तर वळतो का?" मास्तरांनी विचारले.

सुनीतीने आठवून पाहिले. मागून हाक मारतो कोण? ती नेहमी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवी, आणि तो तिच्या ओठांकडे टक लावून बघे. किती शहाणं लेकरू, असे तिला वाटे. ती उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"हनोख!"

झाकण उघडत होते, मिटत होते. तिने पुन्हा हाक मारली. मग अगदी कानाजवळ वाकून मोठ्याने म्हणाली, "हनोख!" तेव्हा तो वळला आणि तिला पाहून खुदकन हसला.

सुनीतीच्या छातीवरचा धोंडा उतरला. लेकराला नीट ऐकू येत नाही हे कळल्यावर आईला हायसे वाटावे, याची तिला लाजही वाटली, आणि हायसेही वाटतच राहिले.

"पण मास्तर, कानातच काही मोठं निघालं तर?"

"निघेल ते निघेल. त्याला डॉक्टर आहे. उपाशी ठेवून कान उघडल्याचं मी तरी कुठं वाचलेलं नाही."

ती घरी आली तेव्हा सासूबाई उद्यासाठी पिशवी भरत होत्या. सुनीतीने धीर करून सगळे सांगितले.

"म्हणजे मोबाइलवर आलं ते काय उगाच आलं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "आता मास्तर सांगणार आणि आम्ही ऐकणार!"

पण त्यांनी पिशवी खाली ठेवली. हनोख दाराकडे तोंड करून खेळत होता. त्या हळूच त्याच्या पाठीशी गेल्या आणि एरवी दोन घरे ऐकतील अशा आपल्या आवाजात त्यांनी त्याला हाक मारली. पोराने मान हलवली नाही. सासूबाई आत गेल्या, वरणभात कालवला, त्यावर तूप घातले आणि ताटली घेऊन त्याच्या समोर बसल्या.

"सकाळी डॉक्टरकडं जाऊ," त्या घास भरवता भरवता म्हणाल्या. "न्याहारी करूनच निघायचं. उपाशी पोरगं मी कुठंही नेणार नाही."

डॉक्टरांनी कान तपासले. पडद्यामागे पाणी साठले होते. उपचार आहे, पुन्हा एकदोनदा दाखवावे लागेल, ऐकू येऊ लागले की शब्द हळूहळू येतील, असे ते म्हणाले.

"मग इतके दिवस आम्ही बोलत होतो ते?" सासूबाईंनी विचारले.

"त्याच्यापर्यंत फार थोडं पोचत होतं, आजी."

दवाखान्याच्या पायरीवर सासूबाई थांबल्या. त्यांनी सुनीतीच्या कडेवरून नातवाला घेतले, त्याच्या कानाला तोंड लावले आणि इतक्या दिवसांचे साठलेले लाडाचे सगळे बोल मोठमोठ्याने त्यात ओतले. येणारे-जाणारे वळून पाहू लागले. हनोख गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. सुनीतीने सासूबाईंच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि त्यांचे बोलून होईपर्यंत ती शांतपणे उभी राहिली.

आपल्या दुःखाचे नाव घेऊन शोधले आणि काही सापडले नाही, तर शास्त्र आपल्यापुरते मुके आहे असे मानू नये. पाने उलटावीत, आणि एकट्याने उलटवत नसतील तर बरोबर बसणारे कोणी शोधावे.