घाटमाथ्यावर घेतलेले माप

एकदा एका वृद्ध मेकॅनिकच्या हाताखाली एक शिष्य गाड्यांची विद्या शिकत होता, आणि ती आपल्याला पुरती आली आहे असे त्याला अलीकडे वाटू लागले होते. ग्राहकाने तक्रार सांगायला तोंड उघडावे आणि याने बॉनेट उघडावे, असा त्याचा खाक्या होता. वृद्ध हे पाहत असे.

त्यांचे गॅरेज घाटाच्या पायथ्याशी होते. एके सकाळी तिथे कापडाचा व्यापार करणारी एक बाई आली. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू होता, क्लच दाबणे तिला शक्यच नव्हते. म्हणून आपोआप गिअर बदलणारी एक जुनी गाडी तिने जिवापाड जपली होती. गाडीत गठ्ठे भरून ती घाटावरच्या बाजारांना एकटी जात असे. ही गाडी गेली तर आपले एकटीने कुठे जाणेही गेले, हे ती जाणून होती.

"दादा, तेल घातल्यापासून जास्तच बिघडलीय," ती शिष्याला म्हणाली. "सकाळी सुरळीत असते. पण अर्धा घाट चढला की..."

"कळलं, ताई. गिअर घसरतोय. मागच्या खेपेला गिअर उशिरा पडत होता, म्हणून मीच गिअरपेटीत तेल भरलं होतं. तेल पुरेसं असून घसरतोय, म्हणजे पेटी गेली. खोलावी लागेल."

"खोलली तर परत नीट बसेल का?"

"इतक्या जुन्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत आता. सांगता येत नाही."

बाई बाकावर मटकन बसली. "मग भंगारवाला गाडी मागतोय, त्यालाच हो म्हणते," ती म्हणाली.

वृद्धाने हात पुसले आणि तो गाडीच्या मागच्या आसनावर जाऊन बसला. "चालवा बाई, तुमच्या नेहमीच्या वाटेनं," तो म्हणाला. "आणि तू ये रे. पाने राहू देत."

शिष्याला हा निव्वळ कालापव्यय वाटला. निदान झाले होते. मग सहल कशाला? पण उस्तादांपुढे बोलण्याची सोय नव्हती. तो पुढे बाईच्या शेजारी बसला.

घाट अर्धा झाला आणि गाडीने रंग दाखवला. इंजिन गरगरू लागले, आवाज चढला, पण चाकांना जोर मिळेना. "पाहिलंत ना, उस्ताद?" शिष्य म्हणाला. त्याच्या स्वरात खेदापेक्षा समाधानच अधिक होते. वृद्धाने मान हलवली. रखडत रखडत गाडी माथ्यावर पोहोचली.

तिथे सपाट जागा पाहून वृद्धाने ती थांबवायला सांगितली, मात्र इंजिन चालूच ठेवायला लावले. पुढे वाकून गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून सावकाश फिरवून पुन्हा जागेवर आणला. मग उतरून बॉनेट उघडले आणि गिअरपेटीतले तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल खुणेच्या वर चढले होते आणि त्यावर नुकत्या काढलेल्या दुधासारखा फेस होता. वृद्धाने सोबत आणलेल्या पिशवीतून एक छोटा हातपंप काढला, पट्टीच्या नळीत बारीक पाइप सोडला आणि तेल बाटलीत ओढून घ्यायला लागला.

"उस्ताद! गिअर घसरतोय आणि तुम्ही तेल काढताय?"

वृद्ध काढत राहिला. मग इंजिन बंद करून त्याने टपरीवर तिघांसाठी चहा सांगितला. फेस बसल्यावर इंजिन चालू करून माप पुन्हा तपासले, थोडे आणखी तेल काढले आणि बाईला थोडे खाली जाऊन शेवटचा चढ पुन्हा चढायला सांगितले. गाडी तो चढ चढली. गिअर असे पडत गेले की पडल्याचे कळूही नये. बाईने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून डोळ्यांना पदर लावला.

"तेल भरलंस तेव्हा गाडी कशी होती?" वृद्धाने विचारले.

"सकाळची. थंड."

"थंड तेल आक्रसलेलं असतं. ते तू तापलेल्या गाडीच्या खुणेपर्यंत भरलंस. घाटात ते फुगलं, आतल्या चक्रांनी घुसळलं, त्याचा फेस झाला. फेसाला दाब धरता येत नाही आणि दाबाशिवाय गिअर पकडत नाही. जुनी गाडी थंड असताना गिअर जरा उशिरा घेते, तेवढी सवड तिला द्यायची असते. तू सवड दिली नाहीस, तेल दिलंस. त्रास घाटात होता, माप घेतलंस गॅरेजात. या बाई कधीपासून 'घाट, घाट' म्हणतायत."

शिष्याचा चेहरा उतरला. ज्या पेटीला तो मृत ठरवून बसला होता, तिचा आजार त्याच्याच हातचा होता. आणि आज तो ती खोलणारही होता. हे त्याच्या मनाला फार लागले.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "ताई, चूक माझी होती. गाडीची नव्हती."

"मी तेच सांगत होते," बाई म्हणाली.

"सकाळचं तुमचं बोलणं अर्धंच राहिलं. आता पहिल्यापासून सांगा."

बाईने पहिल्यापासून सांगितले. गाडी पहिल्यांदा कुठे अडली, मागचा ट्रकवाला काय ओरडला, बाजार कसा हुकला, सगळे. त्यातले बरेचसे दुरुस्तीच्या उपयोगाचे नव्हते. मधेच शिष्याला एक उत्तर सुचले, अगदी ओठांवर आले. त्याने ते तसेच ठेवले आणि घाट उतरेपर्यंत तो ऐकत राहिला.