लिंबाजीच्या अकरा काठ्या

एका विस्तीर्ण तलावाच्या काठी एकदा भोयांची अठरा खोपटांची वस्ती उतरली होती. त्या वस्तीत एक जुनी रीत पाळली जाई. ज्याचं जाळं भरून येईल, त्याने त्या जागी पाण्यात बांबूची काठी रोवायची आणि तिला लाल चिंधी बांधायची. काठी आपोआप कुजून पडेपर्यंत दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. जितक्या काठ्या जास्त, तितका त्या माणसाचा मान मोठा.

लिंबाजी नावाच्या तरुणाच्या नावावर अकरा काठ्या होत्या. ओढा जिथे तलावाला मिळतो तिथल्या उथळ पाण्यात, श्रावण ते कार्तिक या काळात त्याने त्या रोवल्या होत्या. तो गेनूबाबांचा शिष्य. बाबा सत्तरी ओलांडलेले, अल्पभाषी. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही हा त्यांचा शिरस्ता. आणि अकरावी काठी रोवल्यापासून लिंबाजीने विचारणंच सोडून दिलं होतं. यश आलं की माणसाचे प्रश्न संपतात, हे आपण स्वतःच्या घरातही पाहतोच.

पौष उजाडला, कडाक्याची थंडी पडली आणि जाळी रिकामी येऊ लागली. वस्तीचा कारभारी म्हणाला, वीस कोसांवर नदी आहे, तिकडे हलू. लिंबाजीची बायको पारू हिचे दिवस भरत आले होते. अशा थंडीत, उघड्या बैलगाडीत, वाटेतच काही झालं तर? त्याने चारचौघांत छाती ठोकून सांगितलं की माझ्या अकरा काठ्या उभ्या आहेत, मासा जाईल कुठे. कारभाऱ्याने त्याला पाच दिवस दिले. तो त्या काठ्यांभोवती जाळं टाकत राहिला आणि पाचही दिवस हाती शेवाळ आलं. सहाव्या दिवशी सकाळी खोपटांचे दोर सोडायला सुरुवात झाली.

त्याच सकाळी गेनूबाबांनी होडी काढली, ओढ्याच्या मुखाशी नेली आणि साऱ्या वस्तीदेखत लिंबाजीच्या काठ्या एकामागून एक उपटल्या. बाबांनी दहा काठ्या आणून पारूच्या खोपटापुढे टाकल्या. उन्हात वाळव, बाळंतपणात पाणी तापवायला होतील, एवढंच ते तिला म्हणाले. अकरावी काठी त्यांनी होडीतच ठेवली.

लिंबाजी धावत आला. हातातलं वल्हं त्याने गुरूवर उगारलं.

"मारायचं तर मार," बाबा म्हणाले. "न्हाईतर होडीत बस. दिवस लहान हाय."

तो बसला. वल्हं त्याने पायाशी आपटलं.

बाबांजवळ एक अरुंद तोंडाचा तांब्या होता. त्याच्या गळ्याला दोर आणि दगड, तोंडात चिंधीचा घट्ट बोळा, आणि बोळ्याला दुसरा दोर. तांब्या तळाशी सोडून दुसऱ्या दोराला हिसका दिला की बोळा सुटे आणि तळाचं पाणी आत भरे. ओढ्याच्या मुखाशी त्यांनी असं पाणी वर काढलं आणि लिंबाजीला तोंडात धरायला लावलं. गारठ्याने त्याचे दात ठणकले. मग होडी पुढे गेली. बेटाजवळ तांब्या सोडला, तिथेही तेच. दुपार कलली. काठावर चार खोपटं खाली आलेली दिसत होती. लिंबाजीने दोनदा बाबांना माघारी फिरायला विनवलं. बाबांनी ऐकलं नाही.

शेवटी ते जुन्या नदीच्या पात्रावर आले. तलाव होण्यापूर्वी नदी जिथून वाहत होती, ती जागा सर्वांत खोल. तिथलं पाणी लिंबाजीने तोंडात घेतलं आणि तो चमकला. दात शांत राहिले.

त्याने घाईने जाळं सोडलं आणि तितक्याच घाईने ओढलं. रिकामं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थंडीत मासा बी सुस्त असतो," बाबा म्हणाले. "राहू दे जाळं."

सूर्य डोंगराला टेकेपर्यंत दोघे दोर धरून बसले. मग दोर हलला. एकट्याला न ओढवणारं ओझं वर आलं, आणि जाळ्याभर चंदेरी कटले मासे तडफडू लागले. लिंबाजी ढसाढसा रडला. सावरल्यावर त्याने विचारलं, "बाबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं, तर तू हितं बी काठी रोवली असती," बाबा म्हणाले. "श्रावणात ओढ्याचं पाणी कोमट हुतं. मासा त्या उबेला आला, तू समजलास जागेला आला. ऊब खाली गेली, तिच्यामागं मासा गेला. उन्हाळ्यात पुन्हा कुठं जाईल, ते त्यालाच ठावं. काठीला काय, थंडी वाजत न्हाई. ती हाय तिथंच उभी राहती. तुला तर वाजती ना?"

सवयीने लिंबाजीचा हात अकराव्या काठीकडे गेला होता, तो त्याने मागे घेतला. काठ जवळ आला, होडीतले मासे लोकांना दिसले आणि खोपटांचे दोर पुन्हा बांधले जाऊ लागले.

चौथ्या दिवशी पारूला मुलगी झाली. वस्तीतल्या एका आजीने तिला पहिली अंघोळ घातली, ते पाणी त्या दहा काठ्यांवर तापलं होतं. बाळाच्या अंगावर घालण्यापूर्वी लिंबाजीने त्यात हात बुडवून पाहिला.

आपणही आपल्या जुन्या यशाच्या चिंध्या बांधून बसतो. अधूनमधून पाण्यात हात घालून पाहावा, एवढंच.