चावऱ्या मशीनचा हेवा

जिथे रस्ता दमून थांबतो आणि करवंदीचं रान सुरू होतं, तिथे एका इवल्याशा झोपडीत तगर आणि तिची आई राहायच्या. दोघी चामड्याच्या चिमुकल्या पिशव्या शिवायच्या. पण गिऱ्हाईक पिशवी हातात घ्यायचं नि नाक मुरडायचं, "शी! हिला उंदीर चावलाय का?"

उंदीर कसला हो! चावायचं ते शिवणाचं मशीन! कापड गुपचूप पुढे सरकवणारे त्याचे खालचे लोखंडी दाते चामडं दिसलं की कचकन रुतायचे. वरून चामडं दाबून धरणारी दाबपट्टी असा वण उठवायची, की तो जन्मात जायचा नाही.

"जत्रेसाठी ही शेवटचीच पिशवी," आई म्हणाली. "हिलाही वण उठले तर मशीन भंगारात घालायचं. मग खायचं काय, ते देव जाणे!"

आई पाण्याला गेली. अंगणात मशीनपुढे बसून तगर केशरी, लोणीमऊ चामडं कुरवाळत रडू लागली. तिच्या आसवांचा एक टपोरा थेंब अंगणात झुकलेल्या करवंदीच्या फुलावर पडला आणि फुलातून परी निघाली. शेंगदाण्याएवढी! गुलाबी झगा, चंदेरी पंख, नाकावर परागकण. खोटं वाटतंय? मग तुम्ही दाखवा बघू याहून मोठी परी करवंदीच्या फुलात बसवून!

"एक इच्छा माग, सोनुले," परी म्हणाली. "नियम एकच. ज्याचा सगळ्यात जास्त राग आलाय, त्याच्यासाठीच मागायचं."

"या मेल्या मशीनसाठी? मग याचे दाते पाड म्हणू?"

"म्हण की. लगेच पाडते."

शब्द अगदी ओठांवर आला. पण रंग उडालेलं ते मशीन भेदरून उभं होतं. तगर वाकली. "मशीनबाबा, का हो चावता?"

"चावू नको तर काय करू?" मशीन खेकसलं. "त्या चामड्याला तेल लावता, गोंजारता, 'किती गं मऊ' म्हणता! राबतो मी, नटतं ते! आणि मी मेला उघडाबोडका!"

तगरला हसू आलं नाही. जत्रेतल्या मुलींच्या झुळझुळीत रिबिनी पाहून तिच्याही पोटात असंच दुखायचं.

"परीताई," ती म्हणाली, "यांना काहीतरी मऊमऊ नेसायला दे ना."

परीने पंख झटकले. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, चंदेरी कागद भिरभिरत आला आणि दात्यांवर पसरला. दाबपट्टीला दुधासारखं गुळगुळीत अस्तर बसलं.

"दाब थोडा सैल ठेव," परी कुजबुजली. "आधी चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर शिवून बघ. शिवून झालं की कागद हळूच फाडून काढ आणि पुढच्या वेळी कुठलाही साधा पातळ कागद नवा दे. स्वारीला जुनं चालायचं नाही!"

तगरने आधी तुकड्यावर शिवून पाहिलं, मग जीव मुठीत धरून पिशवी शिवली. मशीन चक्क गुणगुणत चाललं! तिने कागद फाडला. ना दातांची खूण, ना वण.

आई आली, तिने पिशवी उलटीसुलटी पाहिली. "अगं बाई! आता कशाला जातंय हे भंगारात? तगरे, जत्रेहून येताना तुला रिबीन आणि याला तेलाची नवी कुपी!"

परी हसली आणि सोनेरी, गुलाबी, निळ्या उजेडात विरघळून गेली. सगळं रान लखलखलं. तगर "आहाहा!" म्हणत बघतच राहिली.

मशीनने तोंड फिरवलं. "हं! चमकता कुणालाही येतं. तिला म्हणावं, एक सरळ टीप मारून दाखव!"