मुजावरबाईंची वेबसाइट

वकिलांना जाहिरातीची बंदी, म्हणून शकिला मुजावरने आपल्या वेबसाइटवर स्वतःची फुशारकी मारली नव्हती. घरमालकाची नोटीस आली तर काय करावं, एवढंच सोप्या मराठीत लिहिलं होतं.

तरी खासनीस वकील, म्हणजे कोर्टातलं बडं प्रस्थ, बार रूममध्ये सगळ्यांसमोर गरजले, "मुजावरबाई, ही जाहिरात आहे! आजच बंद करा, नाहीतर तक्रार करून सनद घालवीन!"

"सर, तुम्हाला त्रास काय झाला?"

"हल्ली येणारा प्रत्येक नवा पक्षकार ते वाचून येतो आणि मलाच उलट प्रश्न विचारतो!"

शकिला जागची हलली नाही.

"माझं वाचून पक्षकार तुमच्याकडे येतात? मग जाहिरात तुमची झाली, सर. करा खुशाल तक्रार. सनद कोणाची जाते ते बघूच!"