दचकूच्या धनुकलीची दोरी

एक होता उंदीर. एवढुस्सा. नाव त्याचं दचकू.
पान पडलं, दचकला. शिंक आली, दचकला. स्वतःचीच शेपटी दिसली, तरी दचकला.
आणि दचकला की समोर येईल ते कुरतडायचा. कुरुम कुरुम कुरुम. मग त्याला बरं वाटायचं.

बोरीच्या शेंड्यावर एकच बोर उरलं होतं. लालचुटुक. बोरीला काटेच काटे. चढणार कसं?
दचकूनं धनुकली घेतली. काडीचा बाण लावला. दोरी ओढली, अगदी नाकापर्यंत.
तेवढ्यात मागून राघू बोलला, "बोर पाडतोस होय? पाड पाड. नाहीतर मी आंघोळ करून येतो आणि खातो."
दचकू दचकला. दोरी तोंडाशीच होती. कुरुम कुरुम कुरुम.
तुट्.
"अरेरे," राघू म्हणाला, "दोरीच खाल्लीस? मग बोर कशाला हवं?"
आणि भुर्रकन गेला आंघोळीला.

दचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. गेला आठ पायांच्या कोळीणमावशीकडे.
"मावशी मावशी, दोरी वळ.
धनुकली ताठ होईना,
बोर काही पडेना,
मी खाऊ काय?"
मावशी म्हणाली, "वळते की. पण मेणाशिवाय पीळ सुटतो. मधमाशीकडून मेण आण."

तुरुतुरु तुरुतुरु. दचकू गेला मधमाशीकडे.
"ताई ताई, मेण दे.
मावशी दोरी वळेना,
धनुकली ताठ होईना,
बोर काही पडेना,
मी खाऊ काय?"
"गुं गुं," मधमाशी म्हणाली. "ये, दचकू. आज शेपटी दिसली का? मेण देते. पण थंडीनं टणक झालंय. चामड्यानं घासलं की मऊ होतं. चपलेकडून चामडं आण."

तुरुतुरु तुरुतुरु. कुंपणापाशी एक जुनी चप्पल पडली होती. दचकू गेला चप्पलआजीकडे.
"आजी आजी, चामडं दे.
मधमाशी मेण देईना,
मावशी दोरी वळेना,
धनुकली ताठ होईना,
बोर काही पडेना,
मी खाऊ काय?"
"करकर," आजी म्हणाली. "किती हळू बोलतोस रे. मला वाटलं मुंगीच आली. चामडं देते, बाळा. पण माझ्या टाचेत काटा रुतलाय. कोंबडीला काढायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु. दचकू गेला कोंबडीकाकूकडे.
"काकू काकू, काटा काढ.
चप्पल चामडं देईना,
मधमाशी मेण देईना,
मावशी दोरी वळेना,
धनुकली ताठ होईना,
बोर काही पडेना,
मी खाऊ काय?"
"कॉक कॉक," कोंबडी म्हणाली. "काढते रे. पण उठू कशी? पिल्लू अंड्यातून निघेना. माझं ऐकतच नाही. तुझं ऐकतंय का बघ."

दचकूनं अंड्याला कान लावला.
"पिल्लू पिल्लू, बाहेर ये.
कोंबडी काटा काढेना,
चप्पल चामडं देईना,
मधमाशी मेण देईना,
मावशी दोरी वळेना,
धनुकली ताठ होईना,
बोर काही पडेना,
मी खाऊ काय?"
आतून बारीक आवाज आला, "नाही येत. मला भीती वाटते."
"मलापण वाटते," दचकू म्हणाला. "मग मी काहीतरी कुरतडतो. तुझ्यासमोर काय आहे?"
"टरफल."
"मग कर सुरू."
टक. टक. टकाक्.
"चिव," पिल्लू म्हणालं.
दचकू दचकला. त्याला बघून पिल्लू दचकलं.
पिल्लानं दचकूला टरफलाचा तुकडा दिला. "घे. तुलापण लागेल."

पिल्लू बाहेर आलं, कोंबडी उठली.
कोंबडीनं काटा काढला.
चपलेनं चामडं दिलं.
मधमाशीनं मेण दिलं. घस घस घस. मेण झालं मऊमऊ.
मावशीनं दोरी वळली, वर मेण चोळलं. पीळ काही सुटेना.
धनुकली ताठ झाली.

दचकूनं टरफल तोंडात धरलं. बाण लावला. दोरी ओढली, अगदी नाकापर्यंत.
तेवढ्यात मागून राघू बोलला, "झाली बरं का माझी आंघोळ."
दचकू दचकला. कुरुम कुरुम कुरुम.
पण काय कुरतडलं? टरफल.
आणि दोरी? दोरी हातातून सुटली. टंग्ग.
बोर पडलं. टप्प.
"आणि मी काय खाऊ?" राघू म्हणाला.
"आधी पंख वाळव," दचकू म्हणाला. "सर्दी होईल."

अर्धं बोर दचकूनं खाल्लं. अर्धं पिल्लानं खाल्लं.
बोर संपलं, बी उरली,
दचकूची गोष्ट इथं सरली.
आणि बी कुठं गेली?
कुरुम कुरुम कुरुम.